गेटवरचा गैरहजर माणूस

काकती मागे टाकून महामार्गाने बेळगावकडे निघाले, की डाव्या हाताला एक लांबट, फिकट पिवळी सरकारी इमारत लागते. तिच्यावर नावाची पाटी नाही. फोटो काढू नयेत, एवढे मात्र कानडीत आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला उगाचच फोटो काढावासा वाटतो. आत काय चालते, याबद्दल प्रत्येकाचे वेगळे मत आहे. कोणी म्हणते नकाशे ठेवलेत, कोणी म्हणते परीक्षेचे पेपर. समोरचा शहाळेवाला म्हणतो, आत काहीच नाही, म्हणून तर एवढा पहारा.

या इमारतीच्या गेटवर रायगोंडा मगदूम एकोणीस वर्षे बसला. आत काय आहे ते त्यालाही ठाऊक नव्हते. पहिली दोन वर्षे त्याची बायको तारामती रोज विचारायची, "आत काय हाय हो?" तो म्हणायचा, "आतल्यांस्नी ठावं." पुढे तिने विचारणे सोडले आणि त्यानेही मनात येऊ देणे सोडले.

त्याचे काम होते फोन ठेवून घ्यायचे. येणाऱ्याने फोन बंद करून द्यायचा, रायगोंडाने तो पत्र्याच्या कपाटातल्या खणात ठेवायचा आणि त्या खणाच्या नंबराचा पितळी बिल्ला हातात द्यायचा. एवढेच. पण हे एवढेसे काम तो ज्या पद्धतीने करायचा ती पद्धत सरकारची नव्हती. ती निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतली होती.

तरुणपणी तो तिथे कामाला होता. शेतकऱ्याने आणलेला तंबाखूचा बोद, म्हणजे तरटात बांधलेली गाठ, उतरवून घ्यायचा आणि बिल्ला द्यायचा. मारुतीराव म्हणून म्हातारे दिवाणजी होते, त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी शिकवले होते, की माल कधी वखारीत येत नाही. तो माणसाच्या हातात येतो. म्हणून वहीत मालाच्या आणि वेळेच्या पुढे 'कोणाच्या हाती' असा एक रकाना हवाच. तिथे घेणाऱ्याचे नाव, आणि त्याच्यापुढे देणाऱ्याची सही. मग बिल्ल्याचा नंबर मोठ्याने दोनदा म्हणायचा. दोनदा अशासाठी, की वखारीत तंबाखूची धूळ इतकी असे की एका वेळेला समोरचा हमखास शिंकत असे.

सरकारी इमारतीत धूळ नव्हती आणि शिंकाही नव्हत्या. तरी रायगोंडा एकोणीस वर्षे प्रत्येक नंबर दोनदा म्हणत आला. "सतरा. सतरा." आणि सही घेतल्याशिवाय बिल्ला हातातून सोडत नसे. एकदा एक मोठे अधिकारी घाईत होते, ते म्हणाले, नंतर करतो सही. रायगोंडाने बिल्ला मुठीत धरला आणि नम्रपणे आभाळाकडे बघत उभा राहिला. अधिकाऱ्यांनी सही केली.

असा हा माणूस. उंच, वाळलेला, शर्टाचे गळ्याचे बटणसुद्धा लावणारा. संकेश्वरात बिऱ्हाड, सकाळच्या लाल बसने यायचा, संध्याकाळी परत. सूर्य मावळायच्या आत जेवायचा नेम, त्यामुळे थंडीच्या दिवसांत डबा गेटवरच उघडायचा आणि मगच बस धरायची. निवृत्तीला सात महिने राहिले होते तेव्हा, म्हणजे मागच्या नोव्हेंबरात, पहिले परिपत्रक आले.

तोवर फोनबंदी फक्त बाहेरच्यांना होती. आता ती सर्वांना लागू झाली. फोन, हातातली स्मार्ट घड्याळे, कानातली बोंडे, बिनतारी असे जे जे काही आहे ते सगळे गेटवर जमा. दाराशेजारच्या भिंतीवर एक पांढरी डबी बसवली. चालू फोन घेऊन कोणी जवळ आले, की शेपटीवर पाय पडलेल्या मांजरासारखी ती ओरडायची. आवारातल्या गटारापर्यंत तिचा कान पोहोचत असे.

रायगोंडाला हे परिपत्रक आवडले. कपाटाचे एवढे खण प्रथमच भरले. बेचाळीस माणसे, बेचाळीस बिल्ले.

मग दुसऱ्या खात्यातून दुसरे परिपत्रक आले. पंधरा डिसेंबरपासून हजेरी वहीत नाही, मोबाईलवर. कर्मचाऱ्याने कार्यालयात यायचे, फोन तोंडासमोर धरायचा, फोन चेहरा ओळखणार आणि माणूस खरोखर कार्यालयात उभा आहे का तेही ओळखणार. कार्यालयाच्या हद्दीबाहेर असेल तर गैरहजर.

पंधरा तारखेला सकाळी गेटवर जी गंमत झाली ती शहाळेवाला अजून सांगतो. लोक गेटजवळ उभे राहून फोन तोंडासमोर धरीत. फोन म्हणे, तुम्ही हद्दीबाहेर आहात. लोक चार पावले आत जात. डबी किंचाळे. लोक मागे पळत. फोन म्हणे, हद्दीबाहेर. आस्थापना विभागाच्या जयाबाई, वीस वर्षे कधी धावल्या नव्हत्या, त्या सहा वेळा मागेपुढे करून कट्ट्यावर बसल्या.

"अहो मगदूम, हे काय वो? ह्यो म्हणतोय आत या, ती म्हणतीया बाहेर जा. आमी जायाचं तरी कुठं?"

"मदी," रायगोंडा म्हणाला.

त्याने हे अगदी सहज म्हटले, कारण मधे राहणे त्याला जन्मापासून माहीत होते. त्याचे गाव निपाणीच्या पुढे, वेदगंगेच्या काठाला, आणि गावाची निम्मी शेते महाराष्ट्रात कललेली. फोन नवीन आले तेव्हा तिथल्या लोकांची फार त्रेधा उडे. बांधाच्या अलीकडे कर्नाटकात स्वागत, पलीकडे महाराष्ट्रात स्वागत, आणि उसाची एक सरी पाण्याखाली घालेपर्यंत माणसाचे चार वेळा स्वागत झालेले असे. कुठे उभे राहिले की कुठल्या राज्याची रेंज येते, हे ओळखण्यात रायगोंडाचा हात कोणी धरला नसता. विहिरीच्या कडेचा तिसरा दगड, जैन बस्तीच्या पायरीचा डावा कोपरा, चिंचेखाली पण बसून नव्हे, उभे राहून. गावातले लोक फोन लावायच्या आधी त्याला विचारायचे, "रायगोंडाप्पा, लेकाला पुण्याला फोन लावायचाय, कुठं हुबा ऱ्हाऊ?"

त्याने जयाबाईंचा फोन मागून घेतला, तळहातावर आडवा ठेवला आणि पाणाड्या विहिरीची जागा बघत जातो तसा, डोळे अर्धवट मिटून, गटाराच्या कडेने आडवा चालू लागला. कोणी हसले नाही. चाफ्याच्या झाडापाशी तो थांबला. अर्धे पाऊल मागे आला.

"हितं बगा. मान जरा डावीकडं."

जयाबाईंनी फोन तोंडासमोर धरला. फोन म्हणाला, हजर. डबी गप्प होती.

चाफ्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, जेमतेम एक वीत रुंदीची एक पट्टी अशी होती, जिथे माणूस फोनच्या लेखी कार्यालयात होता आणि डबीच्या लेखी नव्हता. रायगोंडाने तिच्यावर चुन्याची रेघ मारली. दुसऱ्या दिवसापासून बेचाळीस माणसे सकाळी दहाला त्या रेघेवर ओळीने आडवी उभी राहायची, पावले जोडून, मान डावीकडे. बसमधून जाणाऱ्यांना वाटे, सरकारने कर्मचाऱ्यांना योगासने सुरू केली. हजेरी लागली की एकेक जण रायगोंडाकडे येऊन फोन जमा करी, सही करी, "बारा, बारा" ऐकून आत जाई.

सगळे हजर झाले. एक सोडून.

रायगोंडाकडे बटणांचा फोन होता. चेहरा ओळखणारा फोन त्याच्या लेकीने, सोनलने, संक्रांतीला सांगलीहून पाठवला. पण बाकीच्यांची नावे फोनबंदीच्या आधीच, चाचणीच्या वेळी, यंत्रात घातलेली होती. नवे नाव घालायचे, तर काम संगणक विभागाचे. त्या विभागातला अभिनंदन संध्याकाळी आपला फोन न्यायला आला, तेव्हा रायगोंडाने विषय काढला.

"त्यात काय आण्णा, दोन मिन्टाचं काम," अभिनंदन म्हणाला. "उद्या फोन घिऊन आत या. आमच्या कॉम्प्युटरला जोडतो."

"फोन घिऊन? आत?"

"व्हय."

"आत फोन न्ह्यायला बंदी हाय न्हवं?"

"कडक बंदी हाय."

"मग?"

"मग फोन बाहेर ठिऊन या."

"फोन बाहेर ठिवल्यावर जोडणार काय? माझं बोट?"

अभिनंदनने स्वतःच्या बोटाकडे बघितले. "ते बी खरंच हाय," तो म्हणाला.

"तुजा कॉम्प्युटर बाहेर आण की जरा."

"तो गोपनीय हाय, आण्णा. मलाच धड बघाय देत न्हाईत."

विशेष परवानगीसाठी अर्ज करायची सोय होती. तो अर्ज त्याच मोबाईलवरून, हजेरी लावल्यानंतर करायचा होता.

असा रायगोंडा पंधरा डिसेंबरपासून गैरहजर झाला. रोज साडेनऊला तो गेट उघडायचा, चुन्याची रेघ पुसट झाली असली तर नवी ओढायचा, बेचाळीस जणांना हजर करायचा, बेचाळीस फोन घ्यायचा आणि स्टुलावर बसून गैरहजर राहायचा. दर सोमवारी यंत्र आपोआप एक नोटीस काढी. ती घेऊन जयाबाई गेटवर येत. त्यांना वाईट वाटे, पण त्या आस्थापनेत होत्या.

"मगदूम, सही करा."

"काय लिवलंय?"

"तुमी गेल्या आटवड्यात पण आला न्हाईसा म्हणून लिवलंय. हितं खाली सही. 'स्वतः समक्ष हजर राहून स्वीकारली.'"

"मग ह्यो पुरावा न्हवं का, मी हजर हाय म्हणून?"

"ह्यो नोटीस पोचल्याचा पुरावा वो. तुमी हजर असल्याचा न्हवं."

रायगोंडा सही करी. मोबदल्यात तोही त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे बघे, आणि ते साधे चावीचे आहे ना याची खात्री करून घेई. नियम म्हणजे नियम, हे त्याला मान्यच होते. त्याला फक्त इतके कळत नव्हते, की आपण कुठल्या बाजूला चुकलो.

फेब्रुवारीत एक नोटीस टपालाने घरी गेली. तारामतीने ती शेजारच्या त्रिशलाकडून वाचून घेतली आणि संध्याकाळी नवरा बसमधून उतरून घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"पंधरा डिसेंबरपास्नं तुमी हापिसात न्हाईसा म्हणं."

"कागदावर न्हाय."

"मग माझा डबा कोण खातंय रोज?"

"मीच खातोय की."

"कुठं बसून?"

"गेटवर."

"गेटवर कोण बसलंय?"

"मी."

तारामतीने कागद उलटा करून पाठीमागे बघितला. मागे काही नव्हते. रात्री दिवा मालवल्यावर ती हळूच म्हणाली, "मी येऊ का साक्षीला? डब्याचं सांगीन." रायगोंडा म्हणाला, डबा वहीत नोंदलेला नाही. मग दोघेही बराच वेळ जागे राहिले. कारण त्या नोटिशीत खाली एक ओळ होती. सलग नव्वद दिवस गैरहजर राहणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला असे समजण्यात येईल, आणि त्याला निवृत्तीचा कोणताही लाभ मिळणार नाही. रायगोंडाची निवृत्ती मेअखेरीला होती. नव्वदावा दिवस चौदा मार्चला येत होता. पेन्शन जाणार हे एक झाले. पण त्याला त्याहून जास्त टोचले ते 'सोडून गेला' हे. एकोणीस वर्षांत तो त्या स्टुलावरून लघवीला गेला तरी नागेंद्रला सांगून जात असे.

नागेंद्र म्हणजे गेटवरचा पोलीस. रामदुर्गकडचा, घरी कानडी, रायगोंडाशी मराठी. बिल्ला असेल त्याला आत सोडायचे, नसेल त्याला सोडायचे नाही, एवढे त्याचे काम. फोनला हात लावायचा अधिकार त्याला नव्हता आणि हौसही नव्हती. "ती तुमची जनावरं, आण्णा," तो म्हणायचा. "मी फक्त माणसं बघतो."

तेरा मार्चला, एकोणनव्वदाव्या दिवशी, चौकशी ठेवली होती. बंगळूरहून एक अधिकारी येणार होते. वेळ अकराची, जागा दुसरा मजला. रायगोंडाने सकाळी बेचाळीस फोन घेतले, कपाटाला कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली, आपली वही काखेत घेतली आणि आयुष्यात प्रथम त्या इमारतीच्या आत गेला.

आत एक लांब बोळ होता. दोन्ही बाजूंना कुलपे लावलेली लोखंडी कपाटे, आणि दर दोन कपाटांमागे एक माणूस टेबलाशी बसून त्यांच्याकडे बघत होता. जयाबाईंनी त्याला एका खोलीत बसवले. भिंतीवर एका खताच्या दुकानाचे कॅलेंडर होते. रायगोंडा हात गुडघ्यांवर ठेवून वाट बघू लागला.

अकरा वाजून दहा मिनिटांनी अधिकारी गेटवर आले. गोरेसे, चष्मा, इस्त्रीचा शर्ट, दोन फोन, हातात काळे स्मार्ट घड्याळ.

"बिल्ला?" नागेंद्रने विचारले.

"कसला बिल्ला? मी चौकशीला आलोय," अधिकारी कानडीत म्हणाले.

"फोन जमा केल्याचा बिल्ला, सर. त्याशिवाय आत सोडता येत नाही."

"मग घ्या जमा."

"मला अधिकार नाही. त्याला रायगोंडा लागतो."

"कुठे आहे तो?"

नागेंद्र सरळ माणूस होता. तो म्हणाला, "आत आहे, सर. तुमचीच वाट बघतोय."

"त्याला बोलवा."

"मला गेट सोडता येत नाही, सर."

"फोन करून बोलवा!"

"आत फोन नाही, सर."

अधिकाऱ्यांनी आपल्या दोन्ही फोनांवरून एकूण अकरा ठिकाणी फोन लावले. त्यातले नऊ फोन रायगोंडाच्या कपाटात बंद होते. मार्चचे ऊन. अधिकारी आधी चाफ्याखाली उभे राहिले, मग चुन्याच्या रेघेवर, मग रेघ ओलांडून एक पाऊल पुढे गेले, तेव्हा डबीने असा काही टाहो फोडला की रस्त्यावरची एक म्हैस थबकली. त्यानंतर ते शहाळेवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसले. फोन कुणाच्या तरी हाती सोपवून आत जावे, तर बिल्ला नव्हता, आणि शिवाय चौकशीचे सगळे कागद फोनमध्येच होते.

आत, दुसऱ्या मजल्यावर, साडेबाराला जयाबाईंनी नियमाप्रमाणे कागदावर नोंद केली: कर्मचारी उपस्थित, चौकशी अधिकारी गैरहजर. त्यांनी ती लिहिली आणि मग स्वतःच दोनदा वाचली. पुढे एक वाजता त्या चहासाठी बाहेर आल्या, आणि बाकड्यावर तिसरे शहाळे पिणारा एक लालबुंद माणूस त्यांना दिसला.

रायगोंडा जिने उतरून धावत आला. मारुतीरावांच्या हाताखाली असताना धावला होता, त्यानंतर आजच. अधिकाऱ्यांनी दोन्ही फोन त्याच्यापुढे आपटले. रायगोंडाने ते बंद करून खणात ठेवले.

"साहेब, घड्याळ."

अधिकाऱ्यांनी घड्याळ काढले. मनगटावर पांढरा पट्टा उमटला होता.

"साहेब, कानातली असतील तर."

ती खिशातून निघाली. रायगोंडाने वही उघडली, लिहिले, आणि उलटी करून पुढे सरकवली.

"साहेब, वाचून सही करा. वस्तू चार. वेळ एक वाजून दहा. कोणाच्या हाती, रायगोंडा मगदूम."

"आत जाऊन करतो."

रायगोंडाने बिल्ला मुठीत धरला आणि आभाळाकडे बघू लागला. आपली नोकरी या माणसाच्या लेखणीत अडकली आहे हे त्याला ठाऊक होते, पण मुठीला ते ठाऊक नव्हते. अधिकाऱ्यांनी सही केली. लांब, खालून रेघ मारलेली.

"त्रेचाळीस," रायगोंडा म्हणाला. "त्रेचाळीस."

चौकशी दोनला सुरू झाली. कागद फोनमध्ये राहिल्यामुळे अधिकारी आठवणीने प्रश्न विचारीत होते. ते कानडीत विचारत, रायगोंडा कानडीतच उत्तर देई, आणि घाबरला की मराठीत जाई.

"पंधरा डिसेंबरपासून तुम्ही कुठे होता?"

"गेटवर, साहेब."

"पुरावा?"

रायगोंडाने वही पुढे केली. रोजच्या बेचाळीस ओळी, प्रत्येक ओळीत 'कोणाच्या हाती' खाली त्याचे नाव आणि पुढे एकेकाची सही. अधिकाऱ्यांनी पाने उलटली.

"ही सही कोणाची?"

"जयाबाईंची."

"मी ती ओळखत नाही."

"साहेब, मी हितंच बसलीया की," जयाबाई कागदावरून मान वर करून म्हणाल्या.

"तुम्ही तुमची सही ओळखता, हे मला मान्य आहे. पण तुमची सही तुमचीच आहे हे तुमच्यापेक्षा वरच्या अधिकाऱ्याने प्रमाणित करावे लागेल."

"मग तुमी करा. तुमी वरचेच हाईसा."

"मी तुम्हाला आज दीड तासापूर्वी पहिल्यांदा पाहिले. मी कसे प्रमाणित करू?"

जयाबाईंनी पेनाचे टोपण लावले आणि परत काढले. अधिकारी पाने उलटत राहिले. जानेवारी, फेब्रुवारी. एकही ओळ त्यांच्या ओळखीची नव्हती. मधेच ते मनगटाकडे बघत आणि पांढरा पट्टा पाहून मान वर करीत. वहीचे शेवटचे लिहिलेले पान आले. शेवटची ओळ. तेरा मार्च, एक वाजून दहा, वस्तू चार, कोणाच्या हाती, रायगोंडा मगदूम.

ते थांबले.

"ही सही," ते सावकाश म्हणाले, "माझी आहे."

बाहेरच्या बोळात कोणीतरी एक कपाट उघडले आणि लगेच बंद केले.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. सकाळपासून उन्हात बसलेला तो माणूस, त्याला या म्हाताऱ्याचा राग आलेला होता हे उघड होते. पण तोही कागदातच वाढलेला असणार. स्वतःची सही नाही म्हणणे त्याला जमण्यासारखे नव्हते. "एवढीच एक नोंद मी प्रमाणित करू शकतो," ते म्हणाले, आणि लिहू लागले. आज दिनांक तेरा मार्च रोजी दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी सदर कर्मचारी कामाच्या जागी हजर असल्याचे खाली सही करणाराने समक्ष पाहिले. बाकी दिवसांची गैरहजेरी कायम.

ही ओळ ऐकताच रायगोंडाने डोळे मिटले. अठ्ठ्याऐंशी दिवस तसेच राहिले होते. एक दिवस मिळाला होता, बस.

अधिकारी निघताना गेटवर आले. रायगोंडाने बिल्ला घेतला, चारही वस्तू मोजून हातात दिल्या, परत मिळाल्याची सही घेतली. घड्याळ बांधता बांधता त्यांनी विचारले, "निवृत्ती कधी?"

"मेअखेर, साहेब."

अधिकाऱ्यांच्या दोन्ही फोनांना अजून जाग आलेली नव्हती. ते अंगठा बोटांच्या पेरांवरून नेत मनाशी काहीतरी मोजू लागले. मार्चचे अठरा, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस.

"एकोणऐंशी," ते म्हणाले. आणि गाडीत बसता बसता, कोणाकडेही न बघता, "सलग म्हणजे सलग."

गाडी गेली. रायगोंडाला काही उमजले नाही. जयाबाई मात्र पायरीवरच उभ्या होत्या, आणि त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती. मग त्या एकदम खाली आल्या, वीस वर्षांत सातव्यांदा धावत.

"मगदूम! अहो मगदूम! आज हजर लागलासा न्हवं? मग ते अठ्ठ्याऐंशी तुटलं की वो! उद्यापास्नं परत एक, दोन, तीन. मेअखेरीपत्तोर नव्वद भरतच न्हाईत. तुमास्नी कोण काडणार?"

"म्हंजी मी हजर?"

"न्हाय वो. तुमी गैरहजरच. पण आता गैरहजर ऱ्हायाला मोकळं."

रायगोंडा स्टुलावर बसला. ऊन उतरत होते आणि चाफ्याची सावली चुन्याच्या रेघेवरून पलीकडे गेली होती. त्याने डबा उघडला. तारामतीने आज गोड शिरा दिला होता. कशासाठी ते तिने सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते. सूर्य मावळायच्या आत त्याने तो सगळा संपवला. मग वही उघडून ती शेवटची ओळ एकदा बघितली. खालून रेघ मारलेली सही. त्या वहीत हजारो सह्या होत्या, पण त्याला हजर म्हणणारी ही एकच.

घरी तारामतीने विचारले, "काय झालं?"

"आज हुतो मी," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "आत कपाटं हाईत. लई कपाटं."

"आणि कपाटात?"

"ते नव्वद वरसं बसलो तरी कळायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला त्याने गेट उघडले, डब्यातला चुना कालवला आणि चाफ्यापासून टाकीपर्यंत रेघ नव्याने ओढली. बेचाळीस माणसे ओळीने उभी राहिली, मान डावीकडे. रस्त्यावरून एक बस गेली आणि खिडक्यांतून माना वळल्या. नागेंद्र बंदुकीच्या पट्ट्यात अंगठा अडकवून त्याच्याजवळ आला.

"काय आण्णा, आज हजर का गैरहजर?"

"गैरहजर," रायगोंडा म्हणाला. "पहिला दिवस." आणि समोर आलेल्या जयाबाईंचा फोन बंद करून खणात ठेवून त्याने वही पुढे सरकवली. त्यांनी सही केली.

"एक," तो म्हणाला. "एक."